नऊ सेकंदांचा हिरवा दिवा

८ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पाकीट शोधून बसलोय. तीन दिवस रिंग देतोय. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, फोन चालू आहे, त्याच घेत नाहीत. का घेत नाहीस ते विचारत नाही. विचारलं तर तू सांगशील आणि पत्र वाढेल.

काम आहे. साहेबांनी मला एक पान लिहायला दिलंय: स्मार्ट शहर म्हणजे काय? हसू नकोस. वीस एप्रिलला बाहेरून परीक्षक येणार आहेत, ते शहरांना गुण देणार. आधी आपली व्याख्या वाचून दाखवायची, मग तिचा एक जिवंत नमुना दाखवायचा. मी लिहिलंय, 'जे शहर आपल्या माणसांकडे सतत बघतं आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलतं, ते स्मार्ट.' आणि नमुना म्हणून निवडलंय तुझ्या घरासमोरचं क्रॉसिंग.

तिथल्या खांबावर वर्षापूर्वी कॅमेरा बसवलाय, तो तुझ्या खिडकीतून दिसत असेल. तो पायी जाणारी माणसं मोजतो. माणसं जास्त असली की त्यांचा हिरवा दिवा जास्त वेळ ठेवतो, कमी असली की वेळ कापून गाड्यांना देतो. कुणाला काही सांगावं लागत नाही, सगळं आपोआप. हे सगळं माझ्या हाताखाली झालंय, ताई. यातून पुढची जागा मिळाली तर निवृत्तीच्या आधी दोन वर्षं तरी केबिनमध्ये बसेन.

आता मशीनचा आकडा माणसानं पडताळलेला हवा. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डवर तू एकोणतीस वर्षं काढलीस, घड्याळ न बघता ट्रंक कॉलची तीन मिनिटं बरोबर मोजायचीस. तुझ्याइतकं बिनचूक माणूस माझ्या ओळखीत नाही. सोबतच्या तक्त्यावर सात दिवस, सकाळी नऊ ते अकरा, किती जणांनी रस्ता ओलांडला तेवढं लिही. बाहेर कुणाशी बोलू नकोस.

बारक्या

•

१८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहून संपवायचे नाहीत.

फोन घेत नाही, कारण फोनमध्ये तिसरं कोण ऐकतं हे मला चांगलं माहीत आहे. एकोणतीस वर्षं मीच ऐकत होते. पत्राचं बरं असतं, कुणी फोडलं तर पाकिटावर कळतं. तुझं पाकीट मी उजेडात धरून पाहिलं. ठीक होतं.

दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि आता दोन पानं. त्यातही माझं कौतुक. कामापुरता मामा ऐकला होता, कामापुरती ताई तू काढलीस. शिवाय 'बाहेर कुणाशी बोलू नकोस' म्हणतोस. माणसं मोजण्यात लपवण्यासारखं काय असतं रे? कुठंतरी पाणी मुरतंय.

व्याख्या वाचली. सतत बघतो आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलतो, तो सरडा. शहराचं मला माहीत नाही. तू लहानपणीसुद्धा 'आई म्हणजे काय' असा निबंध आईला न विचारता लिहिला होतास. तो मी दुरुस्त केला होता, आठवत असेल.

तरी सांगितलेलं काम केलंय. बोर्डवरचा नियम होता, मागेल तो नंबर जोडायचा, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. तू विचारलंस किती जणांनी ओलांडला. सात दिवसांचे आकडे असे: दोन, शून्य, एक, शून्य, शून्य, एक, शून्य. दोन्ही वेळचा एकेक म्हणजे तोच टाय घातलेला माणूस, पळतच असतो. कुत्रेवाली बाई आणि तिची बहीण पहिल्या दिवशी.

तुला आणखी काही विचारायचं असेल तर विचार. मी खिडकीतच आहे.

ताई

•

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं. सरड्याची ओळ झाकून. मशीनचा सात दिवसांचा आकडा पाच, तुझा चार. पाचवा शोधून काढला: तो कुत्रा होता. याला म्हणतात पडताळणी!

साहेब तर खूश आहेत. वर्षापूर्वी तिथं हिरवा दिवा बावीस सेकंद असायचा. मशीननं बघितलं, माणसं थोडी आहेत. अठरा केला. मग आणखी थोडी झाली. चौदा केला, मग अकरा, आता नऊ. आणि नऊ सेकंदांतसुद्धा गर्दी नाही, म्हणजे लोकांना पलीकडे जायची गरजच उरलेली नाही, हे सिद्ध झालं. दुकानं तुमच्या बाजूला, दवाखाना तुमच्या बाजूला. गाड्या सुसाट जातात. वर्षभरात एक अपघात नाही, एक तक्रार नाही. सांग, याहून शहाणं क्रॉसिंग कुठं असेल?

एक गोष्ट मात्र खटकली. 'आणखी काही विचारायचं असेल तर विचार' असं तू का लिहिलंस? तुला मी ओळखतो. कुणी काही भरवलंय का? आमच्या वाहतूक विभागातून निवृत्त झालेला मिशीवाला तुमच्याच रांगेत राहायला आलाय, असं कळलं. त्याला हे मशीन पहिल्यापासून नको होतं. तो गोड बोलून अर्जावर सह्या घेत फिरेल. तू कशावर सही करू नकोस, माझी शपथ आहे.

बारक्या

•

७ मार्च

बारक्या,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी एक वाक्य लिहिलं आणि तू त्यातून मिश्या उगवल्यास.

हो, आहे तो इथं. सकाळी वाचनालयात पेपर वाचतो आणि शब्दकोड्यात माझ्या आधी चुकीची अक्षरं भरून ठेवतो. त्याच्याशी माझं बोलणं तेवढ्यावरूनच होतं, आणि ते गोड नसतं.

पण तू म्हणतोस गरजच उरली नाही, त्यावर एक-दोन गोष्टी सांगते. नंतर म्हणशील ताईनं सांगितलं नाही. आमच्या शिंपीणबाईंना बटणं आणि अस्तर पलीकडच्या गल्लीत मिळतं. त्या आता पुढच्या चौकातल्या पुलावरून जातात. चढायला अठ्ठेचाळीस पायऱ्या, उतरायला तेवढ्याच, जाऊन येऊन पाऊण तास. तळमजल्यावरच्या मास्तरांनी पलीकडच्या बागेत जाणं सोडलं, आता जिन्यात फेऱ्या मारतात. तक्रार कुणाकडे करणार? तुमचा तक्रारीचा कागद ज्या कचेरीत भरायचा असतो, ती पलीकडे आहे. ती जुनी पिवळी इमारत, तूच पत्ता छापलायस.

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय. मला काही त्रास नाही. मी ठणठणीत आहे. सात नंबरची आणि माझी रोज सकाळी नवाला गाठ पडते, एक दिवस चुकलेला नाही. सात नंबर तुला आठवते ना? बोर्डवर माझा चार, तिचा सात. तुझ्या परीक्षेच्या वेळी तुला भूमिती तिनं शिकवली होती. ती रस्त्यापलीकडे, समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. दुसऱ्यांदा लिहितेय. शहाण्याला शब्दाचा मार.

ताई

•

१९ मार्च

ताई,

पायऱ्यांचं आणि कचेरीचं लिहून घेतलं. परीक्षक येऊन गेले की बघतो. आत्ता एकाला सूट दिली तर सगळंच सुटेल.

पण मला दुसरंच विचारायचंय, आणि रागावू नकोस. तू रोज सकाळी नवाला सात नंबरताईंना भेटतेस म्हणतेस. मोजणी नऊ ते अकरा. मग तुझ्या तक्त्यात तू स्वतः कुठं आहेस? मशीनच्या यादीतही नाहीस. मी एकेक चित्र उघडून पाहिलं. टायवाला आहे, कुत्रा आहे, तू नाहीस. मशीन दोनदा तपासून घेतलं, त्यात काही बिघाड नाही. म्हणजे एक तर हे आकडे तू मोजलेले नाहीत, कुणी तरी भरून दिले. कुणी, ते मी लिहीत नाही. किंवा तू सात नंबरताईंना भेटतच नाहीस. भांडण झालंय का तुमचं? असेल तर तसं सांग, त्यात खोटं बोलण्यासारखं काय आहे?

तुझी मोजणी अहवालात 'रहिवाशानं केलेली स्वतंत्र पडताळणी' म्हणून जोडायचीय. सोबतच्या कागदावर सही करून पाठव. तारीख जवळ आलीय. परीक्षकांसमोर तुझ्या आकड्याला कुणी बोट लावलं तर माझी अब्रू जाईल.

बारक्या

•

१३ एप्रिल

बारक्या,

सही केलेली नाही. कागद परत पाठवतेय.

भांडण नव्हतं. आता आहे.

तू खोटारडी म्हणालास म्हणून आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग तीस तारीख आली, आणि त्यानंतर लिहायला हात उचलेना. आता सगळं सांगते. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, मला पुढं तुझ्याकडून एक काम हवंय म्हणून. कामापुरता भाऊ.

गेल्या पावसाळ्यानंतर माझं खुब्याचं हाड दुखायला लागलं. तुला कळवलं नाही, कारण तू मला उचलून तुझ्याकडे नेऊन ठेवलं असतंस आणि मला तुझ्या बायकोचा टीव्ही सोसत नाही. घरात चालते, जिना उतरते. पण हळू. समोरचा रस्ता मला तेवीस सेकंद लागतात. घड्याळ लागत नाही मला, बरोबर तेवीस. सात नंबरला दोन वर्षं जिना उतरता येत नाही, म्हणजे जायचं ते मीच. दिवा चौदावर आला तेव्हापासून मी गेलेले नाही.

आमची गाठ म्हणजे ती तिच्या गॅलरीत आणि मी अलीकडच्या फूटपाथवर. एक्स्चेंजमध्ये बोर्डवर बोलायला बंदी होती, तेव्हा आम्ही बोटांनी बोलायचो. तसंच अजून बोलतो. ती विचारायची, येतेस? मी म्हणायचे, उद्या. आज भाजी आणायचीय, आज पाहुणे आहेत, आज बँकेत काम आहे. पाय चालत नाही हे मी तिला सांगितलं नाही. तिला तरी कसं सांगू? पन्नास वर्षं मी तिला म्हणत आलेय, तू कण्हतेस फार.

तीस मार्चला नवाच्या आधी तिनं गॅलरीतून खुणा केल्या. तिचा मुलगा तिला कायमची त्याच्या गावी घेऊन चालला होता. अचानक ठरलं. खाली ये, म्हणाली. मी उतरले. मुलानं आणि ड्रायव्हरनं तिला खुर्चीतून खाली आणलं, गाडीत बसवलं. गाडीचं दार तिनं उघडं ठेवलं होतं. माझ्यासाठी.

दिवा हिरवा झाला की मी उतरायचे आणि रस्त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा जाईतो तो लाल व्हायचा. गाड्या सुटायच्या. दोनदा उतरले, दोनदा मागे फिरले. दुसऱ्यांदा एका ट्रकवाल्यानं शिवी दिली. मग मी खांबाला धरून उभी राहिले. एकेचाळीस मिनिटं, बारक्या. मुलगा सारखा घड्याळ बघत होता. मग त्यानं दार लावलं. टॅक्सी करून पुढच्या चौकातून वळसा घालता आला असता, हे मला दुपारी सुचलं. वरातीमागून घोडं.

चार दिवसांनी तिचं कार्ड आलं. तुला नकलून पाठवते: 'समोर येऊन उभी राहिलीस आणि आली नाहीस. सहा महिने उद्या-उद्या करत होतीस, तेव्हाच शंका आली होती की मी तुला जड झालेय. स्पष्ट सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. असो. मला पत्र लिहू नकोस. सात.'

मी लिहिलं. पाय, हाड, सेकंद, सगळं लिहिलं. पत्र न फोडता परत आलंय, टेबलावर आहे.

आता तुझ्या मोजणीचं. तू पाठवलेल्या तक्त्याच्या मागच्या बाजूला मी दुसरी मोजणी करत होते. किती जण काठावर येऊन परत फिरले, त्यांची. एकतीस, सत्तावीस, चाळीस, छत्तीस, एकोणतीस, तेहतीस, अडतीस. तो कागद सोबत आहे. तुला पाठवली होती ती स्वच्छ नक्कल, हा मूळ. हे मी फेब्रुवारीतच पाठवू शकले असते. पाठवलं नाही, कारण मला बघायचं होतं तू विचारतोस का. मला वाटलं, तू सगळं जाणून-बुजून करतोयस, ताकाला जाऊन भांडं लपवतोयस. तुझी परीक्षा घेत बसले. तू नापास झालास आणि फी मी भरली. तेव्हाच सांगितलं असतं तर तीस मार्चला दिवा कदाचित तेवीसचा असता. याचा मला तुझा येतो तितकाच, नाही, त्यापेक्षा जास्त राग आहे, आणि तो माझ्यावर आहे.

काम हे: तू तिला लिही. तुझ्या ऑफिसच्या कागदावर, शिक्का मारून. माझ्यावर तिचा विश्वास नाही. सरकारी कागद ती न वाचता परत करणार नाही, आपल्या पिढीची तेवढी खोड आहे. पत्ता मागे लिहिलाय.

ताई

•

२७ एप्रिल

आदरणीय सात नंबरताई,

कागद ऑफिसचा असला तरी लिहितोय तो तुमच्या चार नंबरचा धाकटा भाऊ, ज्याला तुम्ही तीन महिने भूमिती शिकवलीत आणि जो तरी काठावर पास झाला. पत्र फोडलंत याबद्दल आभार. आता शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

तुमच्या घरासमोरच्या सिग्नलवर पायी माणसांसाठी नऊ सेकंद होते. ते कमी करणारं मशीन बसवणारा मी. माणसं कमी दिसतात म्हणून वेळ कापायचा, वेळ कापला म्हणून माणसं आणखी कमी व्हायची, आणि मी ते बघून टाळ्या वाजवायचो. ताईला ओलांडायला तेवीस लागतात. हे तिनं तुम्हाला सांगितलं नाही, मलाही नाही. कण्हण्याबद्दल ती तुम्हाला काय म्हणायची ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. आता ते तिलाच भोवलंय.

वीस तारखेला परीक्षक आले होते. स्मार्ट शहर म्हणजे काय, ते मी वाचून दाखवायचं होतं. मी व्याख्येचं पान बाजूला ठेवून ताईचा तक्ता दोन्ही बाजूंनी वाचला. पुढून चार, मागून दोनशे चौतीस. साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला. आता ते पान दुसऱ्या कुणाला लिहायला दिलंय आणि मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत बसतो. जाण्यापूर्वी एक सही माझ्या अधिकारात होती. ती करून आलो. दिवा आता सव्वीस सेकंद आहे आणि मशीनला तो कापता येत नाही. पहिल्या सकाळी एकोणसाठ जण गेले. मी स्वतः उभं राहून मोजले, ताईनं खिडकीतून मोजले, आमचा आकडा जुळला. शिंपीणबाई गेल्या, मास्तर गेले, मिशीवालाही गेला आणि मला बघून मुद्दाम दोनदा गेला. ताई उतरली नाही. चल म्हटलं, तर म्हणाली, पलीकडे आता माझं कोण आहे?

हे मी सांगतोय म्हणून खरं मानू नका. मी तिचा भाऊ आहे, मी तिच्या बाजूनं बोलणारच. म्हणून त्या दिवसाची मशीनची नोंद काढून सोबत जोडलीय. शिक्का त्या नोंदीवर आहे.

ती कशी वाचायची ते सांगतो. मशीनला मी एक नियम घालून दिला होता. जे तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका जागी थांबतं ते माणूस धरायचं नाही, नाहीतर कचऱ्याच्या डब्यालाही हिरवा दिवा मिळेल. माणूस रस्ता ओलांडायला येतो आणि ओलांडतो, तीन मिनिटं कशाला थांबेल, असा माझा हिशोब होता. अशा गोष्टींसाठी यादीत वेगळा रकाना केला. तीस मार्चच्या पानावर त्या रकान्यात एकच ओळ आहे: 'स्थिर वस्तू. उंची पाच फूट. सकाळी ९.०४ ते ९.४५. दोनदा रस्त्यावर सरकली, पुन्हा मूळ जागी आली.'

सात नंबरताई, ती वस्तू माझी ताई आहे. नोंदीबरोबर दर मिनिटाला एक, अशी एकेचाळीस चित्रं आहेत, तीही पाठवतोय. सगळ्यांत तिचं तोंड तुमच्या गाडीकडे आहे. शेवटच्या चित्रात गाडी नाही, तरी तोंड तिकडेच आहे.

उत्तर मला नको. तिला पाठवा.

आपला,
बारक्या